कृषी सल्ला : लॉन काढा, जलपिंपळी लावा

प्रश्न : कृषी पर्यटन केंद्रापुढे पाच गुंठे लॉन आहे. मार्चनंतर बोअर पुरत नाही, गवत पिवळे पडते. नर्सरीवाले युरिया टाका म्हणतात, नाहीतर वेडेलिया (जमिनीवर पसरणारी पिवळ्या फुलांची वेल) लावा म्हणतात. काय करावे? (शिरूर तालुक्यातून)

उत्तर : युरिया नको. तहानलेल्या गवताला युरिया दिला की उरलेसुरलेही करपते. रोज 5 मिलिमीटर पाणी धरले तरी गुंठ्याला 500 लिटर, म्हणजे पाच गुंठ्यांना अडीच हजार लिटर होतात. एवढ्यात डाळिंबाची पन्नास झाडे निघतात.

वेडेलियाही नको. पेरापेराला मुळे फुटून ती बांध ओलांडते, ओढ्यात शिरते. जगातल्या 100 घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे.

कालव्याकाठी जमिनीला चिकटून पसरणारी, बारीक पांढरट-जांभळ्या फुलांची जलपिंपळी आणा. फुकट मिळते. पाणथळीची दिसली तरी मूळ खोल गेल्यावर ताण सोसते.

मे महिन्यात जमीन खणून हरळीच्या काशा आणि लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचा. हे टाळले तर पुढचे सगळे वाया. गुंठ्याला 200 किलो कुजलेले शेणखत पुरे. विकतची लाल माती आणू नका, तिच्यातूनच लव्हाळा येतो. जूनअखेर, दोन चांगले पाऊस झाल्यावर जलपिंपळीची तीन-चार पेरांची फाटी (वेलाचे तुकडे) फुटाफुटावर लावा, दोन पेरे मातीत. गुंठ्याला साधारण अकराशे फाटी लागतात. एप्रिलमध्ये रोपांचे ट्रे विकायला येतील, घेऊ नका. उन्हाळी लागण म्हणजे पुन्हा रोजचे पाणी.

पहिला पावसाळा खुरपणी चुकवू नका. पुढच्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा, पण भरपूर पाणी द्या. छाटणी वर्षातून दोन-तीनदा. युरिया नंतरही नको, नुसती उंच माजते आणि मधे विरळ होते.

लॉनमधल्या तणासाठी दुकानदार 2,4-डी हे तणनाशक देतात. ते रुंद पानाचे तण मारते, आणि जलपिंपळी रुंद पानाचीच आहे. फवारा उडाला तर शेजारची द्राक्षे, कपाशीही जाईल. कुणी कितीही सांगो, 2,4-डी नको.

आंब्याच्या दाट सावलीत ती विरळ राहते, तिथे पालापाचोळाच अंथरा. फुलांवर मधमाश्या येतात, म्हणून मुलांच्या खेळायच्या जागेत फुले येताच छाटा. मांडव, पंगती तिच्यावर नकोत. शेताकडच्या बाजूला विटांची कड घाला आणि बाहेर आलेले वेल कापत राहा.

ठिबक-तुषारचे अनुदान (अल्पभूधारक 55, इतर 45 टक्के, शिवाय राज्याचे पूरक) पिकासाठी आहे, अंगणासाठी नाही. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, फळबागेपुरताच करा.