प्रोटीनचे थेंब, सिनगॅप-१ आणि गरोदरपणातलं खाणं

ताई, तुमच्या मुलाच्या रिपोर्टात सिनगॅप-१ जनुकात दोष निघाला, शोधाशोध करताना ‘पेशीतले प्रोटीनचे थेंब’ असं काहीतरी वाचलंत आणि आता विचारताय, की गरोदरपणात माझ्या खाण्यात प्रोटीन कमी पडलं का, त्याला पावडर सुरू करू का. आधी उत्तर देते: तुमच्या खाण्यामुळे हे झालेलं नाही, आणि पावडरने ते भरूनही निघणार नाही.

मी नाशिकला ज्युनियर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते. माझ्या भाचीला रेट सिंड्रोम आहे, तोही जनुकातल्या दोषामुळे होणारा मेंदूचा आजार. दीड वर्षाची असताना तिचे आलेले शब्द गेले आणि ओला रुमाल पिळावा तसे ती दोन्ही हात दिवसभर एकमेकांवर चोळायला लागली. घरातल्याच एकीने माझ्या बहिणीला सुनावलं, “ग्रहणात भाजी चिरलीस ना!” बहिणीने खाली घातलेली मान मला अजून दिसते. म्हणून सविस्तर लिहिते.

मिसळीच्या रश्श्यावर तर्रीचे थेंब बघितलेत ना? चमच्याने जवळ ढकलले की दोनाचा एक होतो. वर पडदा नाही, तरी वेगळे राहतात. पेशीत तेलाचा संबंध नसतो, पण काही प्रथिनं एकमेकांना धरून असेच दाट थेंब करतात, आणि त्यांत रेणूंची ये-जा सतत चालू असते. दोन चेतापेशींच्या जोडापाशी सिनगॅप हे प्रथिन पीएसडी-९५ या दुसऱ्या प्रथिनाबरोबर थेंब करून बसतं आणि तिथल्या संदेशांना ब्रेक लावतं. २०१६ मध्ये हाँगकाँगच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं: दोन्हींची द्रावणं वेगवेगळी नितळ, एकत्र केली की गढूळ, आणि सूक्ष्मदर्शकाखाली थेंबच थेंब.

जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की सिनगॅप निम्मंच तयार होतं. ब्रेक ढिला पडतो, मेंदूतले जोड नको तेव्हा पक्के होतात. त्यातून फिट्स, उशिरा बोलणं, ऑटिझमची लक्षणं. रेटमधलं प्रथिन वेगळं, ते केंद्रकात डीएनएवर थेंब करतं. आजाराचा किती भार थेंबांवर टाकायचा, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.

डाळ-अंड्यातलं प्रोटीन पोटात तुटून त्याची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, होतात. सिनगॅप पेशीला स्वतःच्या जनुकावरूनच बनवावं लागतं. आणि बहुतेक मुलांत हा बदल आईबाबांकडून आलेला नसतो, नव्यानेच घडलेला असतो. तरी पुढच्या बाळाचा विचार असेल तर दोघांची तपासणी करून आनुवंशिकी तज्ज्ञांशी बोला.

अजून एक. या मुलांत जेवतानाही फिट येऊ शकते. घास तोंडात असताना पापण्या फडफडल्या, डोळे वर गेले, तर तो चाळा समजू नका. मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.