सौर पॅनल आणि इलेक्ट्रिक गाड्या आपोआप स्वस्त होतायत, मग हरित अर्थव्यवस्थेत सरकारनं लुडबुड कशाला करायची?

मी परळच्या एका छोट्या कंपनीत पगारपत्रकं काढते, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. पगारपत्रकात 'पी.टी.' असा एक रकाना असतो, म्हणजे व्यवसाय कर. बहुतेकांचे महिन्याला 200 रुपये जातात आणि फेब्रुवारीत 300. दरवर्षी कुणीतरी येऊन विचारतंच, "ताई, यंदा शंभर जास्त का कापले?" (वर्षाचे 2,500 पुरे करायचे असतात म्हणून.)

हा कर 1975 साली लागला तो रोजगार हमी योजनेसाठी. 1972 च्या दुष्काळात गावंच्या गावं खडी फोडायला बाहेर पडली होती. मागेल त्याला काम, ही विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना पुढे 1977 च्या कायद्यात आली. कामं काय होती? पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती; 1990 नंतर फळबागासुद्धा. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातले पैसे दुष्काळी गावातल्या बाईच्या मजुरीत गेले आणि त्या मजुरीतून पाणी अडलं. तेव्हा याला कुणी 'हरित' म्हणत नव्हतं. हजेरीपटावर खोटी नावं चढली, तलाव अर्धवट राहिले, तेही झालं. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण बाजारानं हे काम केलं असतं का? बांध घातला की खालच्या दहा विहिरींचं पाणी वाढतं. त्याचं बिल फाडायचं कुणाच्या नावानं?

पॅनल स्वस्त झालं हे तुमचं म्हणणं खरंच आहे. घराच्या छपरावर पॅनल बसवायला केंद्राची सूर्यघर योजना 3 किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदानही देते. पण त्यासाठी आधी छप्पर आपलं हवं. आमच्या चाळीत वीस खोल्यांवर एकच पत्रा आहे आणि तो मालकाचा.

आता रस्त्यावर या. 2025 च्या मे महिन्यात मुंबईत बेस्ट बसचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला. एरवी मोटारीला एका खेपेचे 250 रुपये पडतात. दोन्ही निर्णय सरकारी यंत्रणेचेच. सरकार लुडबुड करतंय की नाही, हा वाद माझ्या मते इथेच संपतो. ते करतंच आहे. 250 कुणाचे सोडायचे आणि वरचे 5 कुणाकडून घ्यायचे, भांडायचं ते यावर. धूर कमी करायचा असेल तर चाळीस-पन्नास माणसं नेणारी बस आधी, एकट्या माणसाला नेणारी मोटार नंतर, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

आणि बस इलेक्ट्रिक झाली म्हणजे सगळं न्याय्य झालं असंही नाही. बेस्टच्या बऱ्याच नव्या एसी बसगाड्या कंत्राटदाराच्या असतात, चालकही त्याचाच. 2023 च्या ऑगस्टमध्ये हे चालक पगारवाढीसाठी संपावर गेले, तेव्हा स्टॉपवर तासन्‌तास उभे राहणाऱ्यांत मीही होते. चिडचिड झाली, पण एकाच शहरात बस चालवणारे बेस्टचे कायम चालक आणि कंत्राटी चालक यांच्या पगारातला फरक काय असतो, हे पगारपत्रकं काढणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही. बस चालवायचं कंत्राट देताना चालकाचा पगार किती, हे कंत्राटातच लिहून घेणं सरकारच्या हातात असतं. दर किलोमीटरचा भाव तर लिहून घेतातच.