स्कॉटलंडचे आमदार सॅमन पालनाच्या पर्यावरण नियमांवरून सरकारला सतत प्रश्न विचारतात. त्याने प्रत्यक्षात काही फरक पडतो का?

पडतो. पण प्रश्नात कोणता शब्द घातलाय त्यावर पडतो. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये, गमबूट घालून मेलेले मासे उपसताना शिकलोय.

रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी, मग स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगला एमएस्सी आणि त्यानंतर अडीच वर्षं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका सॅमन फार्मवर नोकरी. (कंपनीचं नाव कमेंटमध्ये विचारू नका, सांगणार नाही.) घरच्यांना वाटायचं पोरगा शास्त्रज्ञ झाला. प्रत्यक्षात सकाळचं पहिलं काम म्हणजे ‘मॉर्ट’ काढणं. मॉर्ट म्हणजे मेलेले मासे. पिंजऱ्याच्या जाळीचा तळ खोलगट असतो, मेलेलं सगळं घरंगळत तिथे जमतं. ते वर घ्यायचं, मोजायचं, कशाने मेलं ते वहीत लिहायचं (कल्ले, जखम, सील म्हणजे मासे खाणारा समुद्री प्राणी, नाहीतर सरळ ‘कारण कळलं नाही’), आणि दळून फॉर्मिक ॲसिडच्या टाकीत सोडायचं. मिरकरवाड्याच्या जेटीवर वाढलेल्या माझ्या नाकालाही तो वास झेपत नसे.

२०१८ साली होलीरूडमध्ये, म्हणजे स्कॉटिश संसदेत, या धंद्याची दोन समित्यांकडून झाडाझडती चालू होती. मार्चमध्ये पर्यावरण समितीने लिहून टाकलं की आहे त्याच पद्धतीने धंदा वाढवत नेला तर पर्यावरणाचं भरून न येणारं नुकसान होऊ शकतं. नोव्हेंबरमध्ये ग्रामीण अर्थव्यवस्था समितीचा ६५ शिफारशींचा अहवाल आला. या सगळ्या गदारोळात आमच्या फार्मवर पाहुण्यांची वर्दळ वाढली. एकदा सप्टेंबरात एक आमदारबाई येणार असा निरोप आला. (तिथल्या एमएसपींना मी आमदारच म्हणतो.)

झालं होतं असं की आदल्या आठवड्यात आम्ही मासे उवांसाठी कोमट पाण्यातून काढले होते. समुद्री उवा म्हणजे खरं तर कोळंबीच्याच लांबच्या भाऊबंद. माशाच्या अंगावर बसून कातडी खातात. औषधांना त्या दाद देईनाशा झाल्या, तेव्हा मासे पंपाने ओढून थोडा वेळ कोमट पाण्यातून फिरवायची यंत्रं आली. उवा गळून पडतात. पण ज्या माशाचे कल्ले आधीच खराब आहेत त्याला हे सोसत नाही, आणि उन्हाळा संपताना कल्ले खराबच असतात. त्या आठवड्यात दोन पिंजऱ्यांतून मिळून नऊ हजारांवर मासे गेले. बाई यायच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत थांबून आम्ही सगळं उपसलं, डेक धुतला, टाकीचं झाकण लावलं.

सकाळी बाई आल्या. हुशार होत्या, तयारी करून आल्या होत्या. लाइफजॅकेटचे बंद आवळता आवळता त्यांनी मॅनेजरला थेट विचारलं, “आज किती मेले?”

मॅनेजर म्हणाला, “अकरा.”

अकराच होते. मीच मोजले होते. बाईंनी मान डोलावली आणि चहाला बार्जवर, म्हणजे फार्मच्या तरंगत्या कचेरीत, गेल्या. मॉर्टची वही तिथेच टेबलावर पडली होती, एक पान उलटायचा अवकाश होता. मी हातभर अंतरावर उभा होतो. पण माझा व्हिसा कंपनीच्या कागदावर होता. मी बिस्किटांची बशी पुढे केली.

त्या दिवशी खोटं कोणीही बोललं नव्हतं, हेच मला अजून टोचतं. “आज”च्या जागी “या महिन्यात” एवढं विचारलं असतं तरी मॅनेजरला खरा आकडा द्यावा लागला असता. माणूस वाईट नव्हता. मला बोटीच्या गाठी त्यानेच शिकवल्या.

२०२४ मध्ये दुसऱ्या एका फार्मची बातमी वाचली आणि पोटात कालवलं. स्कॉटिश संसदेच्या समितीचे सदस्य पोहोचायच्या काही तास आधी मेलेले मासे बाहेर काढतानाचं चित्रीकरण एका प्राणीहक्क संघटनेने प्रसिद्ध केलं होतं. लोक खवळले. पण मासे काढणं हा गुन्हा नाही. मेलेले तसेच ठेवले तर रोग पसरतो, ते काढायलाच लागतात. पाहुण्याने पिंजऱ्यात डोकावून काय कळणार? बघायची असते ती वही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पूर्वी उवांचे आकडे विभागवार सरासरीत प्रसिद्ध व्हायचे, म्हणजे चांगल्या आणि वाईट फार्मचा एकच हिशेब. २०१८ च्या अहवालाने उवांचे आकडे देणं बंधनकारक करा असं सांगितलं. मार्च २०२१ पासून प्रत्येक फार्मला दर आठवड्याला माशामागे मादी उवांची सरासरी सरकारला कळवावी लागते, आणि ती कोणालाही वाचता येते. प्रश्न विचारल्याने इतकं तरी पदरात पडलं, आणि मी ते कमी मानत नाही. जी मोजणी आम्ही पावसात, भूल दिलेला मासा हातात धरून करायचो, ती आता कायद्यानेच कंपनीच्या बाहेर जाऊ लागली.

बाकी बरंचसं लोंबकळलं, त्याचं कारण परवानग्यांची चार दारं. पिंजऱ्याच्या जागेला स्थानिक काउन्सिल, पाण्यात काय सोडता ते पाहायला पर्यावरण संस्था ‘सेपा’, सागरी परवाना आणि माशांचं आरोग्य सरकारच्या मरीन डायरेक्टोरेटकडे, समुद्रतळाचा भाडेपट्टा क्राउन इस्टेट स्कॉटलंडचा (राजसत्तेच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था). फार्मच्या उवांनी नदीतल्या रानटी सॅमनचं काय होतं हे विचारलं की प्रत्येक जण शेजारच्या दाराकडे बोट दाखवायचा. ते काम नेमकेपणाने ‘सेपा’च्या गळ्यात पडलं १ फेब्रुवारी २०२४ ला. २०१८ ते २०२४, मोजा. तोवर, डिसेंबर २०२३ मध्ये, ग्रेट ब्रिटनमधला रानटी अटलांटिक सॅमन ‘संकटग्रस्त’ यादीत जाऊनही बसला होता.

२०२४ मध्ये नव्या समितीने जुन्या शिफारशींचं काय झालं हे विचारायला घेतलं, तेव्हाच्या मंत्री मारी गूजॉन यांना साक्षीला बसवलं. आपल्याकडे विधिमंडळाची आश्वासन समिती असते ना, तसाच प्रकार. जानेवारी २०२५ च्या अहवालात प्रगती फार संथ असल्याची नाराजी आहे, आणि जिथे मासे सतत मोठ्या प्रमाणात मरतात तिथलं उत्पादन कमी करण्याचे किंवा थांबवण्याचे अधिकार निरीक्षकांना द्या अशी शिफारस आहे. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या फार्मवर सुमारे १ कोटी ७० लाख सॅमन मेले. हा आकडा समितीसमोर होता, तरीही नव्या फार्मवर सरसकट बंदी मागायचं धाडस त्यांना झालं नाही. मला ते भित्रेपण वाटलं.

आमच्या दादाला विचाराल तर तो म्हणेल, बघ, हेच मी सांगत होतो. दादाचा खाडीकाठी व्हेनामी कोळंबीचा प्रकल्प आहे. दर गणपतीत आमचं यावरून वाजतं. त्याचं म्हणणं, तारांकित प्रश्न, लक्षवेधी, सगळा पाच दिवसांचा तमाशा. कोळंबीवाल्यांना लगाम बसला तो १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, कुठल्या आमदार-खासदाराने नाही. निकालाचं खरं आहे. पण किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा कोणी केला? त्या निकालाने अडवलेल्या धंद्याला नोंदणीची वाट संसदेनेच काढून दिली. कायदेमंडळ निरुपयोगी असतं तर तुझा तलाव आज कायदेशीर नसता, दादा. हे मागच्या गणपतीत मला सुचलं नाही, आरतीला बोलावलं गेलं.

एक-दोन गोष्टी राहिल्या. मी २०१९ ला ते काम सोडलं, त्यामुळे आताच्या यंत्रांबद्दल माझा शब्द अंतिम धरू नका. त्या बेटांवर आणि खाड्यांत दुसरी बारमाही नोकरी मिळणं कठीण आहे, त्यामुळे ‘बंदच करा’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. आणि तुम्ही परीक्षेसाठी विचारत असाल तर वरची चार दारं पाठ करा, बाकी सोडून द्या.

दादा, वहिनी म्हणाली तू हल्ली रोजची मर नोंदवायला लागलायस. बरं केलंस. रविवारी फोन करतो. कोळंबी किती गेली विचारलं की बीज सोडल्यापासूनचं सांग, आजचं नको.