डोंगरातला ओढा, ओहोळ की नाला?

प्रश्न असा आहे: गौताळा अभयारण्यावरच्या लेखात 'रानातून वाहणारा नाला' असं लिहिलं होतं, संपादकांनी 'नाला' खोडून 'ओहोळ' केलं. बरोबर कोण?

माझ्या मते 'ओढा' हवा होता. पण नुसता ओढा लिहूनही काम भागत नाही, कारण खरी अडचण 'रानातून' या शब्दात आहे.

आधी पाण्याचं बघू. मराठवाड्यात हे शब्द पाण्याच्या रुंदीपेक्षा जमिनीवरून ठरतात. शेतात खोलगट पट्टा असतो, पावसाचं पाणी तिकडेच ओढ घेतं, ते लवण. पाण्याने माती कापली की ओघळ. तो खोल होऊन काठ उभे झाले की वघळ. हीच गोष्ट खडकात झाली, दोन्हीकडे कडे आले, की घळ. या सगळ्यांचं पाणी एकत्र येऊन गोटे-वाळूचं पात्र तयार झालं, मधूनमधून डोह लागले, की मग ओढा. ओहोळ त्याहून लहान. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गंगेला मिळणारे 'वहाळ' आणि 'वोहळ' जोडीने येतात. पैकी व्हाळ आज कोकणात ऐकू येतो, आपल्याकडे ओहोळ उरला आणि तोही बोलण्यापेक्षा छापील मजकुरात जास्त.

मग नदी कधी म्हणायचं? अजिंठ्याची वाघूर बघा. लेण्यांसमोर उन्हाळ्यात तिच्यात डबकीच दिसतात, तरी तिला कुणी ओढा म्हणत नाही. तिला स्वतःचं नाव आहे आणि पुढे ती तापीला मिळते. लेण्यांच्या वरच्या अंगाला ती पायरीपायरीने सात उड्या घेते. इथला काळा पाषाण लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा. मऊ, सच्छिद्र थर पाणी आधी खाऊन टाकतं, वरचा कठीण थर आधार सुटला की तुटतो. अशी पायरी पडते आणि तिच्या तळाशी जो खड्डा कोरला जातो ते कुंड. 'छोटं तळं' लिहून हा शब्द वाया घालवू नका.

गौताळाही याच अजिंठा रांगेत. ही रांग म्हणजे पाणलोटाची सीमा आहे: उत्तर उतारावरचं पाणी तापीकडे, म्हणजे अरबी समुद्राला; दक्षिणेचं गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. त्यामुळे भूगोल सांगणाऱ्या लेखात ओढा कोणत्या अंगाला उतरतो हे लिहिलंच पाहिजे. ते शब्दापेक्षा महत्त्वाचं.

नाला चूक नाही, पण 'नाला खोलीकरण', 'नाला सरळीकरण' अशा योजनांनी त्याला सरकारी वास लावला आणि शहरांनी दुसराच. जंगलातल्या स्वच्छ पाण्याला तो मलातरी नकोसा वाटतो.

आता 'रान'. आपल्याकडे 'बाप रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. काळं रान, हलकं रान, ओलीताचं रान, सगळी शेतंच. गौताळ्याशेजारच्या कन्नड गावचा वाचक 'रानातून वाहणारा ओढा' वाचून ज्वारीच्या धुऱ्याकडेचं पाणी डोळ्यांपुढे आणील. पुण्याच्या वाचकाला कदाचित झाडी दिसेल. अंजन-सागाच्या झाडीतून उतरणाऱ्या पाण्याबद्दल लिहायचं असेल, तर 'डोंगरातला ओढा' किंवा सरळ 'जंगलातला ओढा' लिहा. संपादकांनी खोडायला हवं होतं ते 'रानातून'.