सकाळी सातचा रकाना

“मॅडम, खरं सांगितलं तर सर मला पासच होऊ देणार नाहीत.”

पशुवैद्यकीय शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून हे वाक्य मी समुपदेशक म्हणून किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. कुणी प्रात्यक्षिकाची वही उतरवून काढलेली असते, कुणी मित्राची हजेरी लावलेली असते, कुणी प्रबंधातले आकडे जुळवून घेतलेले असतात. चूक कुणाला कळलेलीही नसते. तरी रात्री डोळा लागत नाही. त्यातल्याच एका मुलाची ही गोष्ट त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे.

तो चौथ्या वर्षाला होता. महाविद्यालयाच्या दवाखान्यात त्याच्याकडे सकाळची पाळी होती. दाखल जनावरांचं तापमान, नाडी, श्वास मोजायचा, डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून कोटीपोटाची (रवंथ करणाऱ्या जनावराच्या मोठ्या पोटाची) हालचाल बघायची आणि केसपेपरवर सातच्या रकान्यात लिहायचं. एका पहाटे तो उठलाच नाही. साडेनऊला धावत आला आणि एका म्हशीच्या तापमानाचा कालचाच आकडा लिहून मोकळा झाला, १०१.२. सीनिअरांनी पहिल्याच आठवड्यात कानमंत्र दिला होता, “१०१च्या आसपास टाकायचं, कुणी विचारत नाही.” दुपारी त्याच म्हशीला १०५ ताप निघाला. व्यायल्यानंतर वार अडकली म्हणून ती आली होती. अशा जनावरात ताप चढणं म्हणजे गर्भाशयात जंतुसंसर्ग झाल्याची खूण असू शकते आणि त्याचसाठी सकाळची नोंद असते. उपचार अर्धा दिवस उशिरा सुरू झाले. म्हैस वाचली.

पहिल्या तीन भेटी सरांच्या भीतीतच गेल्या. सर काय म्हणतील, गुण कापतील, वर्गात नाव काढतील. मी माझ्या नेहमीच्या वाटेने चालले होते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी श्रद्धा आहे. घटनेपेक्षा घटनेला आपण दिलेला अर्थ माणसाला जास्त मोडतो, असं मी मानते.

“एक आकडा खोटा लिहिला आणि मी खोटारडा आहे, या दोन वाक्यांत काही फरक आहे का?” मी विचारलं.

“तुमच्यासाठी असेल मॅडम. माझ्यासाठी नाही.”

मुलगा हुशार होता, पण ही चावी त्याच्या कुलपाला लागत नव्हती. चौथ्या भेटीत मी सरांचा विषय बाजूला ठेवला आणि म्हटलं, “त्या दुपारी गोठ्यात कोण कोण होतं, ते सांग.”

“सर, मी, आणि मामा.” मामा म्हणजे म्हशीचे मालक.

“मामा कुठे झोपायचे?”

तो गप्प झाला. बराच वेळ. मग म्हणाला, “म्हशीपाशीच. गोणपाट टाकून.”

म्हणजे सकाळी सातला कुणी आलं नव्हतं, हे मामांना ठाऊक होतं. सरांनी त्यांनाच विचारलं होतं, “सकाळी ताप बघितला होता का यांनी?” मामांनी आधी या पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग म्हणाले, “आले होते की डॉक्टर.”

एवढं सांगून तो जो रडायला लागला, त्याला मी थांबवलं नाही. “माझ्यासाठी ते खोटं बोलले मॅडम. म्हैस त्यांची, आणि वाचवलं त्यांनी मला.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन भेटी आम्ही भलत्याच भीतीशी झगडत होतो. त्याला शिक्षेची भीती फार नव्हतीच. न कमावलेला विश्वास पदरात पडला होता आणि तो पेलवत नव्हता. मी आजवर बघितलेल्या अशा मुलांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि ते वेळेवर ओळखता येणं ही माझ्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. अशा मुलाला “जाऊ दे, विसर” म्हणणं म्हणजे त्याचं ओझं दुप्पट करणं.

“त्या रकान्यात काय लिहिलं असतं, तर ते खरं ठरलं असतं?” मी विचारलं.

“काहीच नाही. रिकामा ठेवायला हवा होता.” आणि मग स्वतःशीच, “रिकामा रकाना बघून सरांनी लगेच थर्मामीटर लावला असता.”

पाचव्या भेटीत आम्ही फक्त वाक्यं तयार केली. तुमच्यापैकी कुणी याच उंबरठ्यावर असाल तर एवढं करा: काय केलं, कधी केलं, त्याने काय बिघडलं, एवढंच सांगा. “पण सगळेच करतात” हे खरं असलं तरी त्या दिवशी बोलू नका. सीनिअरांचा विषय वेगळा आहे, तो वेगळ्या दिवशी काढा. आणि सांगितल्याबरोबर माफी मिळावी, अशी अट मनात धरू नका. समोरच्यालाही राग येण्याचा हक्क आहे.

सरांना राग आलाच. “बाहेर हो,” म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांनी त्याला बोलावलं, पंधरा दिवस जादा सकाळपाळी दिली, आणि पुढच्या आठवड्यात स्वतः माझ्याकडे आले.

“त्या कागदावर खाली माझी सही आहे,” सर म्हणाले. “दहाला राउंड घेतला, १०१.२ वाचलं आणि पुढे गेलो. वार अडकलेली म्हैस, माझा हात लागायला हवा होता.”

माझ्याशी बोलणाऱ्या सगळ्या प्राध्यापकांना मी हेच सांगते. मूल चूक सांगायला येतं, तेव्हा ते तुमच्याकडे काय शिकलं, याचीच परीक्षा असते. शिक्षा जरूर करा, पण लपवणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला एकच शिक्षा कराल, तर पुढच्या बॅचमधलं कुणी सांगायला येणार नाही. साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मग पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी झाली की मुलाच्या सहीवर विम्याचा दावा उभा राहतो. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन खरंच केलं की नाही, प्रतिजैविक टोचल्यावर इतके दिवस दूध डेअरीला घालू नका असं शेतकऱ्याला सांगितलं की नाही, हे बघायला तिथे सर नसतात.

मामांना त्याने फोन केला, तेव्हा तो माझ्या समोरच बसला होता. पलीकडून आवाज आला, “माहीत हाय मला. पोराचं शिक्षण मोडू नये म्हणून बोललो. पुन्हा असं करू नका डॉक्टर.” त्याने “हो मामा” म्हटलं आणि फोन ठेवला.

महिन्याभराने त्या दवाखान्यात गेले होते. भिंतीशी टांगलेले केसपेपर सहज चाळले. एकावर सातच्या रकान्यात लिहिलं होतं, “मोजले नाही, पाळीवर उशिरा.” दुसऱ्या एका कागदावर खाली सरांच्या सहीच्या जागी सरांचंच अक्षर होतं: “आज मीटिंगमुळे जनावर पाहिले नाही. उद्या पाहून सही करीन.”