तुमची गाडी, तुमचे प्रश्न : थारची ओढ नेमकी गेली कुठे?

प्रश्न : दादा, माझी २०१६ची महिंद्रा थार आहे, डिझेलवाली सीआरडीई, ९५ हजार किलोमीटर झालेत. मागच्या दिवाळीला ३३ इंची मड टायर टाकले आणि तेव्हापासून गाडीला दमच राहिला नाही, आमच्याकडे नाणेघाटाच्या बाजूला जो चढ ती आरामात सेकंडला घ्यायची तिथं आता फर्स्टला पण धापा टाकते आणि वर काळा धूर सोडते. एक ट्यूनर म्हणतो रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमधली सेटिंग बदलून, १०५चे १४० बीएचपी करून देतो, दोन तासांचं काम. दुसरा म्हणतो रीमॅप नको, ट्यूनिंग बॉक्स लाव, स्वस्तात होतं. काय करू?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : आत्ता दोन्ही नको. आधी तुमची ओढ कुठे गेली ते शोधू, कारण तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे, टायर.

तुमच्या गाडीचा मूळ टायर २३५/७० आर १६, म्हणजे उंचीला साधारण २९ इंच. तिथं तुम्ही ३३ इंची बसवला, म्हणजे चाक जवळपास १४ टक्के मोठं झालं. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते आणि तेवढाच जमिनीवरचा जोर कमी होतो, सगळे गिअर एकदम उंच झाल्यासारखं. तुमचं इंजिन १८०० ते २००० आरपीएमला २४७ न्यूटन मीटर टॉर्क देतं, पण आता चाकापाशी जोर पोचतोय तो जणू इंजिन २१७च देत असल्यासारखा. वर मड टायरचं वजन आहे ते वेगळंच. आणि हो, मीटरवर ६० दिसतात तेव्हा तुम्ही ६८ने चाललेले असता, हे घाट उतरताना लक्षात ठेवा.

म्हणजे इंजिन बिघडलंय असं लगेच धरू नका, त्याच्यावर बोजा वाढलाय. याचा खरा इलाज म्हणजे एक तर ३१ इंचावर परत या, तिथं फरक ७ टक्क्यांवर येतो, नाहीतर पुढचं मागचं दोन्ही क्राउन-पिनियन (ॲक्सलमधले चाकांकडे ताकद वळवणारे दातेरी गिअर) जास्त रेशोचं बसवा. दोन्हीकडे रेशो सारखाच पाहिजे, नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर पुढचं-मागचं एकमेकांशी भांडतं आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स, जाते. खर्च आहे, पण ही ओढ कायमची मिळते आणि इंजिनला एक अंशही जास्त ताप होत नाही.

अजून एक विचारतो, राग मानू नका. त्या चढावर तुम्ही फोर-लो (चारही चाकं, लो रेंज) टाकता का? बरेच जण टू-हायमध्येच (फक्त मागची दोन चाकं) हाफ क्लचवर गाडी रेटतात आणि इंजिन कमजोर आहे म्हणतात. लो रेंजचा रेशो जवळपास अडीच आहे, म्हणजे तो छोटा दांडा ओढला की चाकाचा जोर अडीच पट होतो. रीमॅपवाला १०५चे १४० म्हणतो ते तेहतीस टक्के झाले. हिशोब तुमच्यासमोर आहे.

आता काळा धूर. तो मात्र टायरवर ढकलून मोकळं होता येणार नाही. डिझेलमध्ये पेट्रोलसारखं हवेचं आणि इंधनाचं प्रमाण बांधलेलं नसतं, हवा येईल तेवढी येते आणि ताकद ठरते ती डिझेल किती सोडलं त्यावर. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा ग्रॅम हवा लागते, पण सिलिंडरमध्ये दोघं नीट मिसळायला वेळच नसतो म्हणून इंजिनला त्याहून बरीच जास्त हवा हवी. ती कमी पडली की उरलेल्या डिझेलची काजळी होते, तोच तुमचा काळा धूर. लोकांना वाटतं धूर म्हणजे पॉवर, पण ते तुमच्या पैशाचं डिझेल आहे न जळता बाहेर चाललेलं.

म्हणून आधी हवेचा रस्ता तपासा. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. मग टर्बोपासून (जो हवा दाबून आत ढकलतो) इंटरकूलरपर्यंत (जो ती हवा थंड करतो) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी होज पाईप हाताने चाचपा, क्लिपांखाली बोट फिरवा. बोटाला काळपट तेलकट ओल लागली तर तिथून बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) गळतंय समजा. गाडी उभी असताना होजची चीर दिसत नाही कारण ती मिटलेली असते, बूस्ट चढला की ओठ उघडल्यासारखी उघडते. साबणाचं पाणी लावा, एकाला रेस द्यायला सांगा, बुडबुडे आले की सापडली. माझ्या हाताखालून अशा कितीतरी गाड्या गेल्यात ज्यांना रीमॅप हवा होता आणि निघाली ती ढिली क्लिप.

मग डिझेल फिल्टर, आणि ९५ हजार झालेत तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्याच. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार छोट्या सारख्या बाटल्यांत सोडतात आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवतात. चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या तर बरं, एकच भसाभस भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. साधी टेस्ट आहे, समोर उभं राहून बघा.

हे सगळं ठीक निघालं आणि तरीही पॉवर हवीच असेल तर मग रीमॅपबद्दल बोलू. ट्यूनिंग बॉक्स मी सुचवत नाही. बहुतेक स्वस्त बॉक्स रेल प्रेशरच्या (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या) सेन्सरमध्ये बसतात आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, खोटं सांगतात की प्रेशर कमी आहे, मग ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो. म्हणजे खरं प्रेशर किती आहे हे गाडीलाच माहीत नसतं. रीमॅपमध्ये निदान डिझेल, बूस्ट, धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा या सगळ्या तक्त्यांना एकमेकांशी जुळवून हात लावता येतो, अर्थात करणारा जाणकार असेल तर. त्याला विचारा, मूळ फाईल जपून ठेवून मला देणार का, डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) आधीचा आणि नंतरचा ग्राफ दाखवणार का, खालच्या आरपीएमला टॉर्क एकदम चढवणार की हळूहळू? उत्तरं आडवीतिडवी आली तर उठून या.

आणि एक्झॉस्ट टेम्परेचरचा गेज लावल्याशिवाय डिझेल वाढवू नका, हे मी हात जोडून सांगतोय. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि तुमचा पिस्टन ॲल्युमिनियमचाच आहे. सिलिंडरमधली आग याहून कितीतरी गरम असते तरी पिस्टन टिकतो कारण ती क्षणभरच लागते, मग थंड हवा येते आणि खालून ऑइल त्याला निववत असतं. लांब चढावर, स्पीड कमी, रेडिएटरला वारा नाही, पाय पूर्ण दाबलेला, अशा वेळी हा तोल सुटतो. टर्बोच्या आधी ७०० अंशांच्या पुढे काटा जाऊन थांबायला लागला की पाय काढायचा आणि खालचा गिअर टाकायचा. डिझेल वाढवलेल्या एका गाडीचं हेड उघडलं होतं मी, पिस्टनचा काठ मेणबत्तीसारखा ओघळलेला होता आणि मालक सांगत होता परवापर्यंत मस्त पळत होती. ती गोष्ट मी विसरत नाही.

क्लचचाही विचार करा, जास्त टॉर्क आला की जुनी प्लेट टॉप गिअरला घसरायला लागते. आणि कागदाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळली पाहिजे, त्यात फरक पडेल असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हेच सांगितलंय. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. टायर पण यात आले.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची जुनी एमएम ५४० जीप आहे, प्यूजो इंजिनवाली. गावातला फिटर म्हणतो डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून देतो, पिकअप येईल. करू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नका करू. ते एक्सडीपी ४.९० इंजिन, त्याच्या नावातच आहे सगळं, ४ सिलिंडर आणि ९० मिलीमीटर बोअर, २११२ सीसी. त्याला टर्बो नाही. टर्बो नाही म्हणजे हवा वाढवायची सोय नाही आणि मग डिझेल वाढवून मिळणार काय, धूर. पहिले दोन दिवस पिकअप आल्यासारखं वाटेल, नंतर ऑइल काळं पडेल आणि गाडी तापायला लागेल.

त्यापेक्षा कॉम्प्रेशन तपासा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा, नोझल टेस्टिंगला टाका आणि पंप चांगल्या पंपवाल्याकडे कॅलिब्रेशनला द्या, मूळ मापाला. नोझलमधून डिझेल धुक्यासारखं उडायला पाहिजे, पिचकारीसारखी धार पडत असेल तर तिथंच तुमची पॉवर जातेय. सकाळी स्टार्ट व्हायला त्रास असेल तर हीटर प्लग पण बघून घ्या. वडिलांची गाडी आहे, ती तिच्या ६०-६२ हॉर्सपॉवरमध्ये नीट ठेवली तर अजून तुमच्या मुलांना शिकायला येईल.

प्रश्न : स्नॉर्केल (वरून हवा घेणारा उंच पाईप) लावला आणि सोबत ऑइलवाला कॉटन एअर फिल्टर टाकला तर पॉवर वाढेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : जाणवेल एवढी नाही. स्नॉर्केल पाण्यासाठी आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये थोडं जरी गेलं तरी पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ओढ्यात गाडी तिथंच संपते. त्यासाठी लावा, पण एअर बॉक्सचा प्रत्येक जोड सील करून, नुसता वर पाईप दिसून उपयोग नाही.

कॉटन फिल्टर मात्र आपल्याकडच्या लाल मातीत मी वापरणार नाही. आमच्याकडे आलेल्या एका गाडीत फिल्टरच्या पुढच्या पाईपमधून पांढरं फडकं फिरवलं तर विटकरी रंगाचं निघालं, म्हणजे धूळ सरळ टर्बोत जात होती. ऑइल कमी लावलं की असं होतं. कंपनीचा कागदी फिल्टर टाका, एप्रिल-मेमध्ये लवकर बदला, आणि तुम्ही पण एकदा ते फडकं फिरवून बघा.