प्रांताधिकाऱ्याच्या मुलखासाठी इंग्रजीत आलेला तुर्की शब्द कोणता?
पाशालिक. ऑटोमन साम्राज्यात बड्या सुभेदारांना ‘पाशा’ हा किताब असे. त्याला तुर्की ‘लिक’ प्रत्यय लागला की पाशाचं पद किंवा त्याच्या ताब्यातला मुलूख. ‘बेलिक’ (बे या सरदाराचा मुलूख) याच घडणीचा.

सर्वांत गाजलं ते बेलग्रेडचं पाशालिक. १८०४ मध्ये सर्बांचा पहिला उठाव तिथेच पेटला. गंमत म्हणजे सरकारी दफ्तरात ते ‘स्मेदेरेवोचा संजाक’ (स्मेदेरेवो या गावाच्या नावाचा जिल्हा) होतं!

‘विलायेत’ हेही उत्तर चालेल, आपल्या ‘विलायती’चं ते अरबी मुळाकडून भावंडच. पण इतिहासात तो शब्द १८६४ च्या कायद्याने आखलेल्या प्रांतांसाठी वापरतात आणि तिथल्या अधिकाऱ्याला ‘वाली’ म्हणत. प्रश्नात पाशाचा उल्लेख असेल तर बेधडक पाशालिक लिहा.